न्यायाचा गज एकच असावा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी फाशीसारखा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. उत्सवाच्या मांडवात मृत्युदंडाची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मांडवात अहिंसेचा उच्चार नित्य होतो, तेथे राज्यसंस्थेच्या हातून, विधिपूर्वक आणि शिक्कामोर्तब होऊन घडणाऱ्या मृत्यूचाही विचार कधीतरी व्हावयास हवा.

मृत्युदंड मुळात असावा की नसावा, हा वाद फार जुना आणि फार मोठा आहे. एका व्याख्यानात तो मिटणारा नाही. म्हणून आजचा विषय जाणीवपूर्वक मर्यादित ठेवला आहे. ज्यांना फाशीची शिक्षा योग्य वाटते, त्यांनीही जेथे थबकून विचार करावा, असे दोन प्रकारचे कैदी आहेत. एक परदेशी नागरिक आणि दुसरा मनोरुग्ण. वरवर पाहता या दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु जरा खोलात गेल्यास दोघांचे दुःख एकच असल्याचे ध्यानात येते. आपली बाजू मांडण्याचे सामर्थ्य दोघांपाशीही नसते. एकाला तेथील भाषा येत नाही, कायदा ठाऊक नसतो, जवळ कुणी नातलग नसतो. दुसऱ्याला भाषा येते, पण त्याचे मनच त्याच्या ताब्यात नसते. आणि एखादा कैदी परदेशीही असेल व मनोरुग्णही असेल, तर त्याच्या असहायतेला सीमाच उरत नाही. असे एक प्रकरण प्रत्यक्ष घडले आहे.

अकमल शेख हा ब्रिटनचा नागरिक. जन्म पाकिस्तानातला, पण लहानपणीच तो ब्रिटनमध्ये गेला आणि तेथेच वाढला. लंडनमध्ये त्याने भाड्याच्या मोटारींचा व्यवसाय केला, संसार केला, मुलेबाळे झाली. पुढे त्याचे वागणे बदलत गेले. घर सुटले, व्यवसाय सुटला आणि तो पोलंडमध्ये जाऊन राहिला. आपण जगप्रसिद्ध गायक होणार आणि आपल्या गाण्याने जगात शांतता नांदणार, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. गाण्याचे अंग नसतानाही त्याने सशाच्या पिल्लाला साद घालणारे एक गाणे ध्वनिमुद्रित करून घेतले. या भ्रमाचा लाभ घेणारी माणसे त्याला भेटली. चीनमध्ये मोठ्या रंगमंचावर गाण्याची संधी मिळवून देतो, असे आमिष त्यांनी दाखविले. १२ सप्टेंबर २००७ रोजी ताजिकिस्तानातून विमानाने तो चीनच्या पश्चिमेकडील उरुम्ची शहरात उतरला. त्याच्याजवळच्या बॅगेत सुमारे चार किलो हेरॉइन सापडले. बॅग आपली नाही, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला.

खटला चालला आणि २००८ साली मृत्युदंड सुनावण्यात आला. त्याच्या बाजूने धडपडणाऱ्या 'रिप्रीव्ह' या ब्रिटिश संस्थेने त्याला मनाचा गंभीर आजार असल्याचे म्हणणे मांडले. त्याने पूर्वी लिहिलेली असंबद्ध पत्रे आणि त्याला ओळखणाऱ्यांचे जबाब पुढे आणण्यात आले. संस्थेने एका मानसतज्ज्ञाला उरुम्चीपर्यंत पाठविले. त्या तज्ज्ञाला कैद्याला भेटूच दिले गेले नाही. अपिलाच्या सुनावणीत शेखने स्वतः लांबलचक निवेदन केले. ते इतके विसंगत होते की, न्यायाधीशांनाही हसू आवरले नाही, असे पुढे सांगण्यात आले. डॉक्टरांनी तपासावे अशी ज्याची अवस्था होती, त्याचे बोलणे हसण्यावारी गेले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये शिक्षा कायम केली. नात्यातील दोघे भाऊ भेटीला आले, तेव्हा उद्या आपल्याला मारणार आहेत हे त्याला प्रथम कळले. २९ डिसेंबर २००९ रोजी विषारी इंजेक्शन देऊन शिक्षा अमलात आणली गेली. १९५१ नंतर युरोपातील एखाद्या देशाच्या नागरिकाला चीनमध्ये मृत्युदंड दिला जाण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांनी नमूद केले.

न्यायाची चर्चा करताना दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चीनच्या कायद्यात ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक हेरॉइनच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. येथे प्रमाण त्याच्या ऐंशी पट होते. अफूने चीनची एकोणिसाव्या शतकात जी धूळधाण केली, तिची आठवण त्या समाजाच्या मनात आजही ताजी आहे. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून गलबतांत भरून चीनकडे जात असे आणि त्या व्यापारावर मुंबईत अनेक पेढ्या उभ्या राहिल्या, हा इतिहास येथील व्यापारी समाजाने विसरता कामा नये. अफूच्या त्याच व्यापारासाठी ब्रिटनने चीनवर युद्ध लादले. म्हणून ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी तीव्र निषेध केला, तेव्हा अनेक चिनी नागरिकांना तो परकीय सत्तेचा जुनाच अहंकार वाटला. या भावनेला इतिहासाचा आधार आहे आणि ती तुच्छ लेखण्यासारखी नाही.

मग चूक कोठे झाली? कायद्याच्या शब्दांत ती नव्हती. ज्या मनोरुग्णाला स्वतःच्या कृत्याचे भान किंवा त्यावर ताबा नाही, त्याला गुन्हेगारी उत्तरदायित्व नाही, असे चीनच्या दंडसंहितेतही स्पष्ट लिहिले आहे. हे रीतसर तपासणीने ठरवावे, असेही तिच्यात म्हटले आहे. शेखच्या आजाराची पूर्वीची वैद्यकीय कागदपत्रे नाहीत, असे चीनच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. परंतु कागद नाहीत म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही. ज्याच्या आजाराचा कधी कुणी शोधच घेतला नाही, त्याच्यापाशी कागद असणार कोठून? कागद नसतात तेव्हाच तपासणीची गरज अधिक असते. शेख खरोखर मनोरुग्ण होता की नव्हता, हे ठरविण्याचा एकच मार्ग उपलब्ध होता. स्वतंत्र मनोविकारतज्ज्ञाने त्याच्याशी बोलावे, काही दिवस त्याचे निरीक्षण करावे आणि अहवाल द्यावा. हे झाले नाही. तपासणी झाली असती आणि तो शहाणा ठरला असता, तर शिक्षा देणाऱ्यांचे काहीही बिघडले नसते. तपासणी न करता शिक्षा अमलात आणल्यामुळे तो प्रश्न मात्र कायमचा अनुत्तरित राहिला.

कापडाच्या पेठेतला साधा नोकरही ताग्यातून तुकडा फाडण्यापूर्वी माप पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालतो. कारण फाडलेले कापड पुन्हा ताग्याला जोडता येत नाही. दंड भरला तर तो परत करता येतो, तुरुंगात टाकलेल्याला सोडता येते, नुकसानभरपाई देता येते. मृत्युदंडाची दुरुस्ती नाही. म्हणून इतर कोणत्याही शिक्षेपूर्वी जेवढी तपासणी पुरेशी मानली जाते, तेवढी येथे पुरेशी मानता येणार नाही.

मनोरुग्णाला फाशी देऊ नये, हा विचार आजच्या काळातील मृदू मनाच्या लोकांनी काढलेला आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः तो शेकडो वर्षांचा आहे. लहानसहान चोरीलाही ज्या इंग्लंडमध्ये फाशी होती, त्याच इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात एडवर्ड कोक या कायदेपंडिताने वेड्या माणसाला फाशी देणे अमानुष ठरविले, कारण त्यापासून इतरांनी घ्यावा असा कोणताच धडा निघत नाही. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने आणखी एक कारण दिले. तो शुद्धीवर असता, तर शिक्षा थांबविण्याजोगे काही सांगू शकला असता. या दुसऱ्या कारणातच या विषयाचे मर्म आहे. शेवटच्या क्षणापर्यंत माणसाला बोलण्याची संधी असली पाहिजे, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या मौनाचा लाभ शासनाने घेता कामा नये.

शिक्षेचे हेतू साधारणतः चार सांगितले जातात. गुन्हेगाराला केल्या कर्माचे फळ मिळावे, इतरांना जरब बसावी, समाजाचे रक्षण व्हावे आणि गुन्हेगाराची सुधारणा व्हावी. सुधारणेचा प्रश्न मृत्युदंडात मुळातच संपतो. उरलेल्या तिन्हींवर मनोरुग्णाची फाशी घासून पाहावी. आपल्याला का मारीत आहेत हेच ज्याला उमगत नाही, त्याला कर्मफळाचा बोध होणार नाही. एका वेड्याला दिलेली फाशी पाहून दुसरा वेडा सावध होत नाही, आणि शहाण्याला ती आपल्याशी संबंधित वाटत नाही. समाजाचे रक्षण तर बंदोबस्तातील रुग्णालयात किंवा जन्मठेपेनेही साधते. तिन्ही हेतू गळून पडल्यावर जे उरते त्याला शिक्षा म्हणता येत नाही. तो केवळ एका असहाय जीवाचा वध होय.

जगातील न्यायसंस्थांनी हे हळूहळू स्वीकारले आहे. मृत्युदंडाची शिक्षा झालेल्यांच्या रक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९८४ साली जे नियम संमत केले, त्यांत ज्यांचे मानसिक संतुलन ढळले आहे त्यांना फाशी देऊ नये, असे सांगितले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली 'फोर्ड' खटल्यात वेडसर कैद्याला मृत्युदंड देणे घटनाबाह्य ठरविले आणि २००२ साली 'ॲटकिन्स' खटल्यात मतिमंद व्यक्तींनाही तेच संरक्षण दिले. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२१ रोजी, गंभीर मानसिक आजारामुळे ज्यांना आपल्या शिक्षेचे कारण समजू शकत नाही, अशा कैद्यांना फाशी देता येणार नाही, असा निर्णय दिला.

तरीही मार्ग निष्कंटक झालेला नाही. नागेंद्रन धर्मलिंगम हा मलेशियाचा तमिळ तरुण ४२.७२ ग्रॅम हेरॉइन नेताना २००९ साली सिंगापूरच्या हद्दीवर पकडला गेला. त्याचा बुद्ध्यंक ६९ असल्याचे चाचणीत आढळले होते. त्याची बौद्धिक पातळी सीमारेषेवर असली तरी आपण काय करीत आहोत हे त्याला ठाऊक होते, असा तेथील न्यायालयांचा निष्कर्ष होता. जगभरातून विनंत्या झाल्या, परंतु २७ एप्रिल २०२२ रोजी त्याला फाशी देण्यात आली. तोही परदेशीच होता.

आता परदेशी कैद्याच्या प्रश्नाकडे वळू या. परदेशी माणसाने गुन्हा केला तर त्याला सूट द्यावी, असे कुणीही म्हणत नाही. ज्या देशात पाऊल टाकले, त्या देशाचा कायदा पाळलाच पाहिजे. प्रश्न सवलतीचा नसून सुनावणीचा आहे. स्थानिक आरोपीला भाऊ, शेजारी, ओळखीचा वकील, गावातला एखादा वजनदार माणूस, कुणी ना कुणी असतेच. परमुलखात पकडलेल्याला यातले काहीही नसते. ही उणीव काही अंशी तरी भरून निघावी, म्हणून १९६३ साली व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी एक करार केला. त्याच्या ३६व्या कलमानुसार परदेशी नागरिकाला अटक होताच, तुझ्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा तुला अधिकार आहे, हे त्याला विनाविलंब सांगावे लागते. वकिलातीचे अधिकारी त्याला भेटू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात, घरच्यांना कळवू शकतात.

हा नियम मोडल्याने काय घडते, हे लाग्रांड बंधूंच्या प्रकरणाने जगाला दाखविले. जर्मनीत जन्मलेले हे दोघे भाऊ लहानपणापासून अमेरिकेत राहत होते, परंतु नागरिकत्व जर्मनीचेच होते. १९८२ साली ॲरिझोना राज्यातील एका बँकेवर दरोडा घालताना त्यांच्या हातून बँकेच्या व्यवस्थापकाचा खून झाला. जर्मन वकिलातीला याची वार्ता दहा वर्षांनी, १९९२ साली, लागली. एका भावाला २४ फेब्रुवारी १९९९ रोजी मृत्युदंड दिला गेला. दुसऱ्यासाठी जर्मनीने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. शिक्षा थांबवावी असा आदेश न्यायालयाने काढला, तरीही ३ मार्च १९९९ रोजी त्यालाही विषारी वायूच्या कोठडीत मारण्यात आले. दोघांच्याही मृत्यूनंतर, २७ जून २००१ रोजी, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की, वकिलातीच्या संपर्काचा अधिकार हा राष्ट्राप्रमाणेच त्या व्यक्तीचाही अधिकार आहे आणि न्यायालयाचे अंतरिम आदेश बंधनकारक असतात. पुढे ३१ मार्च २००४ रोजी मेक्सिकोने दाखल केलेल्या खटल्यात अमेरिकेतील ५१ मेक्सिकन कैद्यांबाबत असाच निकाल लागला. टेक्सास राज्याने तो मानला नाही. त्या ५१ जणांपैकी होसे मेदेयीन याला ५ ऑगस्ट २००८ रोजी मृत्युदंड देण्यात आला.

जर्मनी आणि मेक्सिकोच्या या खटल्यांचा महाराष्ट्राशी काय संबंध, असे कुणाला वाटेल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

कुलभूषण जाधव हे भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी. घराणे मराठी, कुटुंब मुंबईचे. निवृत्तीनंतर ते इराणमध्ये व्यवसाय करीत होते आणि तेथून त्यांचे अपहरण झाले, असे भारताचे म्हणणे आहे. आपण त्यांना मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात हेरगिरी करताना पकडले, असा पाकिस्तानचा दावा आहे. भारताने वारंवार मागणी करूनही भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची भेट मिळाली नाही. लष्करी न्यायालयात बंद दरवाजाआड खटला चालला आणि १० एप्रिल २०१७ रोजी फाशीची शिक्षा जाहीर झाली. भारत हेगच्या न्यायालयात गेला. हरीश साळवे यांनी अवघा एक रुपया मानधन घेऊन भारताची बाजू मांडली. १८ मे २०१७ रोजी न्यायालयाने फाशीला स्थगिती दिली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा मताधिक्याने, पाकिस्तानने ३६व्या कलमाचा भंग केला आहे आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे, असा निकाल दिला. हा निकाल देताना न्यायालयाने जर्मनी आणि मेक्सिकोच्या खटल्यांतील आपल्याच निकालांचा आधार घेतला. ॲरिझोनातील दोन दरोडेखोर भावांसाठी जर्मनीने जी झुंज दिली, ती त्यांना वाचवू शकली नाही. पण अठरा वर्षांनी एका मराठी कुटुंबाला तिचा आधार मिळाला. परक्याच्या हक्कासाठी केलेले भांडण अखेर आपल्याच माणसाच्या उपयोगी पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

याच प्रकरणातील एक प्रसंग विसरता येत नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधव यांच्या आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांच्या भेटीस गेल्या. मध्ये काचेचा पडदा होता. भेटीपूर्वी दोघींना मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली काढावयास लावली. आईने मुलाशी मराठीत बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिला अडविण्यात आले, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. फाशीची शिक्षा झालेला मुलगा समोर बसलेला आहे, आणि आईला आपल्या भाषेत त्याला 'कसा आहेस बाळा' एवढेही विचारण्याची मुभा नाही. परदेशी कैदी म्हणजे काय, हे कायद्याच्या पोथ्यांपेक्षा या एका भेटीतून अधिक उमजते.

ही वेदना ज्यांना जाणवली, त्यांच्यावर एक जबाबदारीही येते. जाधव यांच्यासाठी जे मागितले, ते भारताच्या तुरुंगात असलेल्या परक्यालाही दिले पाहिजे. या कसोटीचा सर्वांत कठीण प्रसंग महाराष्ट्रावरच येऊन गेला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचे बळी गेले. जिवंत सापडलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब परदेशी होता. त्याचे वकीलपत्र घेण्यास अनेक वकिलांनी नकार दिला. साऱ्या जगाने दृश्ये पाहिली असताना खटल्याचा खर्च कशासाठी, असे लोक उघडपणे विचारीत होते. तरीही न्यायालयाने त्याला वकील नेमून दिला. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, ती उच्च न्यायालयाने तपासली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि दयेचा अर्ज फेटाळला गेल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात ती अमलात आली. फाशीबद्दल मतभेद असू शकतील. परंतु त्याची बाजू ऐकलीच नाही, असे कुणालाही म्हणता येत नाही. त्या सुनावणीवर झालेला खर्च वाया गेला नाही. हेगच्या न्यायालयात उभे राहून न्याय्य सुनावणीची मागणी करण्याचा नैतिक अधिकार भारताला त्यातूनच मिळाला.

मनोरुग्णांच्या बाबतीत मात्र स्वतःच्या घरात अजून बरेच काम शिल्लक आहे. गुन्ह्याच्या वेळी ज्याचे मन ठिकाणावर नव्हते, त्याला भारतीय कायदा १८६० पासून संरक्षण देतो. पूर्वीच्या दंडसंहितेतील ८४वे कलम आता भारतीय न्याय संहितेत २२वे झाले आहे. पण शिक्षा झाल्यावर वर्षानुवर्षे मृत्यूची वाट पाहत ज्याचे मन ढळते, त्याचे काय? २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जाला झालेला दीर्घ विलंब आणि मानसिक आजार ही त्यामागची कारणे होती. त्यानंतर १२ एप्रिल २०१९ रोजी महाराष्ट्रातील एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हेही फाशी रद्द करण्यास पुरेसे कारण ठरू शकते, असा निर्णय झाला. रुग्णाची ओळख जपण्यासाठी निकालपत्रात त्याचे नाव न देता 'आरोपी क्ष' अशा अर्थाचा उल्लेख केला आहे. त्याचा गुन्हा अत्यंत घृणास्पद होता आणि न्यायालयाने त्याला मोकळे सोडले नाही. त्याला उर्वरित आयुष्य तुरुंगात काढावयाचे आहे, आणि त्याच्यावर योग्य उपचार करण्याचे आदेश सरकारला देण्यात आले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. फाशी सुनावण्यापूर्वीच आरोपीच्या मानसिक स्थितीचा अहवाल न्यायालयापुढे यावा, असे निर्देश दिले.

या निर्देशांची गरज का भासली, हे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून दिसते. फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक कैद्यांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. गावोगावी मनोविकारतज्ज्ञ दुर्मीळ, मानसिक आजार लपविण्याची घरच्यांची रीत आणि गरिबीमुळे वकील जेमतेम मिळालेला, अशा परिस्थितीत खालच्या न्यायालयात हा प्रश्न कुणी उपस्थितच करीत नाही.

येथे काही आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की, एकदा ही सवलत दिली की प्रत्येक खुनी वेडाचे सोंग घेईल. सोंग घेणारे असतीलच. पण खोटे नाणे चालते म्हणून कुणी नाण्यांचा व्यवहार बंद करीत नाही. नाणे पारखून घेतले जाते. कुशल डॉक्टरला अनेक आठवडे निरीक्षण करून सोंग आणि आजार यांतील फरक बऱ्याच अंशी ओळखता येतो. शंका उरलीच, तर तिचा कौल कोणत्या बाजूला द्यावा? सोंगाड्या जन्मभर तुरुंगात राहिला तर समाजाची हानी होत नाही. खऱ्या रुग्णाला फाशी दिली तर ती चूक कधीही सुधारता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांच्या घरातील माणूस मारला गेला, त्यांच्या दुःखाचे काय? या प्रश्नापुढे कुणीही नम्रच झाले पाहिजे. त्या कुटुंबाला न्याय मिळण्याचा हक्क आहे, आधाराचा आणि भरपाईचा हक्क आहे. परंतु न्याय म्हणजे ज्याने समजून-उमजून कृत्य केले त्याला उत्तर द्यावयास लावणे. ज्याला काहीच समजत नाही त्याचा जीव घेऊन त्या कुटुंबाला उत्तर मिळत नाही. दुःख होते तेथेच राहते आणि त्यात आणखी एका घराच्या दुःखाची भर पडते.

जैन विचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. गृहस्थाला स्वयंपाकपाणी, चरितार्थ आणि आक्रमणापासून संरक्षण यांत होणारी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे या विचाराने ओळखले आहे. जाणूनबुजून, ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र गृहस्थालाही वर्ज्य आहे. चाल करून येणाऱ्या शत्रूला रोखणे हा विरोधाचा भाग झाला. पण जो जेरबंद आहे, ज्याच्या हातात शस्त्र नाही आणि ज्याला समोर काय चालले आहे याचेही भान नाही, त्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मारणे कोणत्या प्रकारात बसते, याचा निर्णय प्रत्येक श्रावकाने शांतपणे करावा. अनेकांताची शिकवणही येथे लागू पडते. वस्तूची एकच बाजू पाहून केलेले विधान अपुरे असते, तर एकच बाजू ऐकून दिलेला मृत्युदंड पुरा कसा म्हणावा?

या साऱ्यातून तीन साध्या मागण्या निघतात. परदेशी आरोपीला अटक होताच, त्याला समजेल अशा भाषेत त्याचा वकिलातीचा अधिकार सांगितला जावा. मनोरुग्ण असल्याची शंका ज्याच्याबद्दल कुणीही उपस्थित करील, त्याची स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी झाल्याशिवाय मृत्युदंडाचे पाऊल पुढे पडू नये. आणि ही तपासणी एकदाच नव्हे, तर गुन्ह्याच्या वेळची, खटल्याच्या वेळची आणि शिक्षा अमलात आणण्याच्या वेळची, अशी तिन्ही अवस्थांची व्हावी. यांतील एकही मागणी गुन्हेगाराला मोकळे सोडा असे म्हणत नाही.

समाजाच्या हातातही काही आहे. अनेक धर्मादाय संस्था दवाखाने चालवितात, औषधे वाटतात, शिष्यवृत्त्या देतात. मानसिक आजाराचे निदान व उपचार, आणि तुरुंगातील निराधार कैद्यांना कायद्याचे सहाय्य, या दोन कामांकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. नेत्रशिबिरासोबत वर्षातून एकदा मनोविकारांच्या तपासणीचे शिबिर घेता येईल. आजार वेळीच ओळखला गेला, तर पुष्कळदा गुन्हाही टळेल आणि फाशीचा प्रश्नही उद्भवणार नाही. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत या विषयाचा विचार विश्वस्त मंडळाने अवश्य करावा, ही नम्र विनंती.

कापड पेठेत जुन्या काळी लोखंडी गज असे. गिऱ्हाईक ओळखीचे असो की परगावचे, शहाणे असो की भोळे, गज तोच वापरावयाचा, हा सचोटीचा पहिला पाठ होता. परगावच्या गिऱ्हाइकाला भाव ठाऊक नसतो आणि भोळ्याला मोजता येत नाही, म्हणूनच त्या दोघांना माप देताना अधिक काळजी घ्यावयाची, असे जुनी जाणती माणसे नव्या नोकराला सांगत. शासनाच्या हातातील गज त्याहून कितीतरी मोठा आहे आणि त्याने मोजावयाचे असते ते माणसाचे आयुष्य. परगावच्याला आणि भोळ्याला तेथेही पुरे माप मिळावे.